जुना डीएसएलआर की खिशातला कॅमेरा? आधी घरातला उजेड बघा

नागपूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. बजेट २० हजार. मित्राकडचा निकॉन डी९० (डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि त्यासोबतची १८-१०५ झूम लेन्स १४ हजारांत मिळते आहे. दुसरीकडे सोनीचा पहिला आरएक्स१००, तोही वापरलेलाच, १९ हजारांना आहे आणि तो खिशात मावतो. मुलगी सहा वर्षांची. मोबाइलमध्ये दिवसाचे, बाहेरचे फोटो छान येतात. पण संध्याकाळी घरात ती नाचते, पळते, तेव्हाचे सगळे फोटो हलतात. शिवाय शाळेचं गॅदरिंग, अधूनमधून रामटेक आणि यंदा एकदा ताडोबा. त्यांनी विचारलंय, ‘या दोघांतला चांगला कॅमेरा कोणता?’

भाऊ, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य घरातल्या हलणाऱ्या फोटोंचं आहे. बाकी सगळं त्याच्या मागे लावायचं. मी नागपुरात लग्नाचे आणि लहान मुलांचे फोटो काढतो, नवशिक्यांना शिकवतोही. जुना कॅमेरा घेऊन पस्तावलेल्या बहुतेक जणांनी ‘चांगला कोणता’ एवढंच विचारून तो घेतलेला असतो. आपला कोणता फोटो बिघडतो आहे, हे त्यांनी बघितलेलं नसतं. तुम्ही ते बघितलंय, त्यामुळे तुम्हाला नेमकं उत्तर देता येतं.

फोटो हलतो म्हणजे शटर (उजेड आत सोडणारा पडदा) जास्त वेळ उघडं राहतं. रात्री एलईडीच्या उजेडात आपल्या साध्या हॉलमध्ये आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १६०० ठेवला आणि अ‍ॅपर्चर एफ ५ असलं (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं), तर शटर स्पीड साधारण सेकंदाच्या ४०व्या भागावर येतो. तिथेच एफ १.८ वापरलं तर ३००व्या भागापर्यंत जातो. नाचणारं मूल फोटोत थांबवायला मला कमीत कमी २५०वा भाग लागतो. तुमच्या मोबाइलची लेन्सही चांगली उघडी असते, पण तिच्यामागचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, लहान. म्हणून फोन कमी उजेडात शटर मंद करतो आणि पुष्कळदा तीन-चार फ्रेम जोडून एक फोटो बनवतो. आजोबा खुर्चीत बसलेले असतील तर हे उत्तम चालतं. नात उड्या मारत असेल तर तिचे दोन हात चार दिसतात.

मग मोठा सेन्सर घ्यावा, म्हणजे डीएसएलआर, असं वाटणं साहजिक आहे. इथेच जरा थांबा. डी९०चा सेन्सर २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा, आरएक्स१००चा १३.२ बाय ८.८चा. क्षेत्रफळात तिपटीहून जास्त फरक. पण मित्र देतोय ती १८-१०५ लेन्स १८ला (वाइडला, म्हणजे झूम न करता) एफ ३.५ उघडते आणि झूम करत १०५ला गेलात की एफ ५.६. सोनीची लेन्स वाइडला एफ १.८ उघडते, म्हणजे तेवढ्याच वेळात जवळपास चौपट उजेड आत घेते. सेन्सर एक तृतीयांश, उजेड चौपट. हिशेब बरोबरीत सुटतो. त्यात निकॉन २००८चा आणि सोनी २०१२चा, म्हणजे चार वर्षांनी नवा सेन्सर. थोडक्यात, ही सोबतची किट लेन्स लावलेला डी९० तुमच्या हॉलमध्ये, वाइडला, त्या इवल्याशा सोनीपेक्षा सरस ठरत नाही. झूम केल्यावर सोनीचं अ‍ॅपर्चर एफ ४.९पर्यंत आवळतं आणि निकॉन पुन्हा पुढे जातो, हे खरं. पण घरात झूम कोण करतं?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: फक्त १८-१०५च्या भरवशावर डी९० घेणार असाल, तर तुमची मूळ तक्रार जाणार नाही. किलोभर वजन गळ्यात येईल आणि मुलगी तशीच हललेली दिसेल.

डी९०चं पारडं जड होतं ते दुसऱ्या लेन्समुळे. तुमच्याकडे ६ हजार उरतात. त्यात जुनी ५० एमएम एफ १.८ डी शोधा, ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, दिसायला साधी, आतून मजबूत. या लेन्समध्ये फोकसची स्वतःची मोटर नाही, ती बॉडीतल्या (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यातल्या) मोटरवर चालते, आणि डी९०च्या बॉडीत ती मोटर आहे. निकॉनच्या डी३१००, डी५१०० अशा त्यानंतर आलेल्या स्वस्त बॉड्यांमध्ये नाही. तिथे हीच लेन्स लावली तर फोकस हाताने फिरवावा लागतो. डी९० जुना असूनही मी नवशिक्यांना सुचवतो त्याचं मोठं कारण हे आहे. आता तुमच्याकडे मोठा सेन्सरही आहे आणि एफ १.८सुद्धा. हे सोनीला गाठता येत नाही.

दोन अडचणी सांगून ठेवतो. डी९०वर ५० एमएम जरा जवळचं दाखवते, फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) ७५ एमएमएवढं. फ्लॅटच्या बेडरूममध्ये पाठ भिंतीला टेकते तरी मुलगी पूर्ण मावत नाही. चेहरा, अर्धं शरीर यासाठी मात्र सुंदर. थोडे पैसे वाढवता आले तर ३५ एमएम एफ १.८ डीएक्स घ्या, घरासाठी ती जास्त सोयीची. दुसरी अडचण अशी की दीड मीटरवर ५० एमएम एफ १.८ला फोकसमध्ये राहतो तो पट्टा सहा-सात सेंटिमीटरचा. मुलगी अर्ध्या पावलाने पुढे आली की डोळे गेले. मी मुलांसाठी एफ २.२ किंवा २.५ ठेवतो आणि आयएसओ थोडा वाढवतो. फोटोत दाणे आले तर चालतात, हललेलं तोंड चालत नाही.

फोकसचाही फरक मोठा आहे. पहिला आरएक्स१०० कॉन्ट्रास्ट बघून फोकस करतो, म्हणजे लेन्स पुढे-मागे करत नेमकी जागा शोधतो. उन्हात हे चटकन होतं, मंद उजेडात तो शोधत राहतो आणि तोवर मूल फ्रेमबाहेर. डी९०मध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर आहे, ११ पॉइंट आहेत, त्यातला मधला सगळ्यात भरवशाचा. तो मधलाच वापरा, फोकस एएफ-सीवर (हलत्या माणसावर सतत फोकस करत राहणारा मोड) ठेवा आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावा. स्क्रीनवर बघून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, डी९० फोकसला फार संथ आहे. मोबाइलच्या सवयीने लोक स्क्रीनवर बघायला जातात आणि कॅमेऱ्याला नावं ठेवतात. व्हिडिओ देणारा हा पहिला डीएसएलआर होता, पण ७२० पिक्सेलचा आणि शूटिंग चालू असताना ऑटोफोकस नाही. व्हिडिओ मोबाइलवरच काढा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. दोन्ही कॅमेरे जुने आहेत. नव्या वस्तूंची तुलना करताना फोटो बघायचे असतात. जुन्या घेताना हेही बघायचं की बिघडल्यावर काय होईल.

खिशातल्या कॅमेऱ्यात लेन्स, शटर आणि सेन्सर मिळून एकच युनिट असतं. कॅमेरा चालू केला की नळ्या बाहेर येतात, बंद केला की आत जातात. त्या हलत्या नळ्यांच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. नागपूरची उन्हाळ्यातली धूळ कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. एखादा कण सेन्सरवर बसला की प्रत्येक फोटोत आकाशात तोच करडा डाग. तो काढायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. नळीत रेती अडकली किंवा कॅमेरा बाहेर आलेल्या लेन्सवर पडला तर ‘लेन्स युनिट बदलावं लागेल’ हे उत्तर ठरलेलं. इतक्या जुन्या मॉडेलचं युनिट मिळणं कठीण, आणि मिळालं तर त्या पैशांत दुसरा जुना कॅमेरा येतो. म्हणजे एक भाग गेला की सगळंच गेलं.

डीएसएलआर सुट्या भागांनी बनलेला असतो. सेन्सरवर धूळ आली तर लेन्स काढून, आरसा वर करून, रबरी ब्लोअरने पाच मिनिटांत घरी साफ होते. नाही गेली तर दुकानात ओल्या स्वॅबने. लेन्स बिघडली तर लेन्स बदला, बॉडी चालू राहते. बॉडीचा बोर्डच गेला तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, दुसरी जुनी बॉडी घ्या. तुमच्या लेन्स आणि बॅटऱ्या हाताशी राहतात. निकॉनचं हे एफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९५९पासूनचं आहे, त्यामुळे बाजारात जुन्या लेन्सची कमी नाही. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२०नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, म्हणून ‘आता हे तंत्र संपलं’ असं तुम्हाला कोणी सांगेल. नवीन घेणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. तुमच्यासारख्या जुना घेणाऱ्याचा त्यात फायदाच आहे, कारण मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) गेलेले लोक चांगल्या लेन्स कमी भावात काढून टाकताहेत.

एवढं बोललो म्हणून छोट्या कॅमेऱ्याची किंमत मी कमी करत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत मारबतीच्या (वाईट गोष्टी घालवण्यासाठी काढल्या जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत मी स्वतः छोटा कॅमेरा नेतो. दोन्ही मारबती जिथे समोरासमोर येतात तिथे हात वर करायला जागा नसते. मोठा कॅमेरा दिसला की समोरचा माणूस एकतर पोज देतो नाहीतर तोंड फिरवतो. छोटा हातात मावतो आणि लोक आपापल्या नादात राहतात. रामटेकला गडमंदिराच्या पायऱ्या चढताना, एका हाताने मुलीला धरलेलं असताना, २४० ग्रॅम आणि साधारण ११०० ग्रॅम यांतला फरक गळ्याला कळतो. आरएक्स१०० रॉ फाइलही (प्रक्रिया न झालेला मूळ फोटो) देतो, त्यामुळे पुढे एडिटिंग शिकलात तर तो अपुरा पडत नाही. एक उणीव मात्र आपल्याकडे जास्त जाणवते. पहिल्या आरएक्स१००ला व्ह्यूफाइंडर नाही. एप्रिल-मेच्या उन्हात स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. वर उघडणारा व्ह्यूफाइंडर २०१४च्या तिसऱ्या मॉडेलपासून आला, आणि ते तुमच्या बजेटमध्ये चांगल्या स्थितीत मिळणं अवघड.

आणि कृपया ‘खिशातला कॅमेरा’ म्हणून कोणताही जुना डिजिकॅम उचलू नका. सध्या त्यांची फॅशन आली आहे, कॉलेजची मुलं शोधत फिरतात, भावही चढलेत. त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर ६ बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या हॉलमध्ये तो तुमच्या मोबाइलपेक्षाही मागे पडेल. आरएक्स१००चा एक इंची सेन्सर त्याच्या चौपट आहे, म्हणूनच तो या तुलनेत उभा राहू शकतो.

ताडोब्याचं थोडक्यात सांगतो. कोअरमध्ये सफारीला मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे कॅमेरा लागणारच. आरएक्स१००चा झूम फुल फ्रेमच्या हिशेबात २८ ते १०० एमएम. रस्त्यावर अगदी जिप्सीपाशी वाघ आला तर ठीक, एरवी गवतात एक पिवळा ठिपका येईल. डी९०ला ७०-३०० लावली तर ४५० एमएमएवढं जवळ येतं. वर्षातून एकदाच जायचं असेल तर ही लेन्स विकत घेऊ नका, ओळखीतून किंवा भाड्याने घ्या. घेताना नाव नीट वाचा: एएफ-एस लिहिलेली हवी. एएफ-पी लिहिलेली नवी ७०-३०० डी९०वर बसते, पण तिचा फोकस चालत नाही, आणि हे जंगलात गेल्यावर कळून उपयोग नाही. जिप्सीत लेन्स बदलू नका, ती गेटवर यायच्या आधीच लावून ठेवा.

गॅदरिंगचं गणित घरासारखंच, फक्त अंतर जास्त. सायंटिफिक किंवा देशपांडे सभागृहात आठव्या-दहाव्या रांगेतून आरएक्स१०० झूम करून एफ ४.९वर येतो आणि स्टेजवरची मुलगी पुन्हा हलते. डी९० आणि ५० एमएम घेऊन पुढे, कडेच्या वाटेत उभं राहायची परवानगी मिळाली तर फोटो हमखास. ती नाही मिळाली तर दोन्ही कॅमेऱ्यांनी मध्यमच येतील.

तर तुम्ही सांगितलेल्या गरजांसाठी मी डी९० घेईन, पण ५० किंवा ३५ एमएमसकट. लेन्सला पैसे उरत नसतील तर मित्राला विचारा, १८-१०५ वगळून नुसती बॉडी कितीला देशील. घरातल्या मुलीसाठी बॉडी आणि एकच प्राइम लेन्स हा संच पुरेसा आहे.

माझं मत दोन गोष्टींनी बदलेल. एक, कॅमेरा घरात आणखी कोण वापरणार? तुम्ही ऑफिसात असता तेव्हा मुलीची आई फोटो काढणार असेल आणि तिला लेन्स, मोड, फोकस पॉइंट यात पडायचं नसेल, तर मोठा कॅमेरा कपाटात राहील. मग आरएक्स१०० घ्या, तो वाइडलाच ठेवा, झूम करू नका, आयएसओ १६०० आणि शटर २५०वर बांधून द्या. दाणे येतील, पण फोटो मिळतील. दोन, तुम्ही स्वतः दर आठवड्याला अर्धा तास शिकायला देणार का? डी९० पहिल्या महिन्यात मोबाइलपेक्षा वाईट फोटो देतो. तो महिना काढायची तयारी नसेल तर मोबाइलवरच राहा, २० हजार वाचतील.

घ्यायला जाल तेव्हा काय बघायचं ते सांगतो. डी९०चं शटर कंपनीने १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्यापुढेही चालतं, पण ८० हजारांच्या वर गेलेल्या बॉडीला मी १४ हजार देणार नाही. अ‍ॅपर्चर एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा. डाग दिसले तर घाबरू नका, ते साफ होतात. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून समोरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती फंगस, ती लेन्स नको. नागपूर कोरडं म्हणून इथे फंगस होत नाही असं लोक समजतात. पावसाळा तर आहेच, पण उन्हाळाभर बंद खोलीत कूलरची ओली हवा खेळते आणि कॅमेरा त्याच खोलीत रेक्झिनच्या बॅगेत पडलेला असतो. तुम्ही तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. आणि नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) गाडीत कधीच विसरू नका.

मेन्यूत बॅटरी इन्फोमध्ये बॅटरीचं वय दिसतं. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे संपत आलेली. मागचं, अंगठ्याखालचं रबर फुगून सुटलेलं असेल तर काळजीचं कारण नाही, भाव कमी करायला कारण मिळालं. कार्ड ३२ जीबीचं न्या. ६४चं हा कॅमेरा ओळखेलच असं नाही. सोनी बघायला गेलात तर तो दहा-पंधरा वेळा चालू-बंद करा, झूम पुढे-मागे करा, कान देऊन ऐका. खरखर किंवा अडखळणं जाणवलं तर तिथेच परत द्या. त्याचं अ‍ॅपर्चर एफ ११ करून तोच भिंतीचा फोटो काढा. तिथे डाग दिसला तर मात्र तो साधा नाही, घेऊ नका.

डी९०चा शटर काउंट, म्हणजे आजवरच्या क्लिकचा आकडा, फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. मित्राला आज काढलेला एक फोटो, कुठेही न कापता, थेट कार्डावरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती वाटेतच निघून जाते. ती फाइल मला द्या, आकडा बघून १४ हजार रास्त आहेत की नाही ते सांगतो. तोवर बयाणा देऊ नका.